वाढीव नकाशाला किती मोजायचे? सांगलीतल्या एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका मुलाने व्हिडिओ गेमसाठी केलेल्या जादा नकाशांच्या खरेदीचं आहे. रक्कम लहान आहे. पण किंमत आणि मोल यांचा गुंता कॉस्टिंगच्या तासाला द्यायच्या कारखान्यांच्या उदाहरणांत मला इतका उघडा क्वचितच सापडतो, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

मुलगा माझा भाचा. त्याचं नाव इथे देत नाही. सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला त्याच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. स्वतःच्या मोजक्या गाड्या आणि बाकी हुंडेकरीचा धंदा: हळद, बेदाणा, गूळ असा माल दुसऱ्यांच्या गाड्यांना लावून द्यायचा. मुलगा डिप्लोमा करतो, सुट्टीत ऑफिसात बसून बिल्ट्या कॉम्प्युटरवर चढवतो आणि त्याचे पैसे घेतो. ते पैसे त्याच्या कष्टाचे आहेत, याबद्दल घरात दुमत नाही. ते कशावर घालवायचे, यावरून २०२५च्या जूनअखेरीस बापलेकांत वाजलं आणि प्रकरण माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजात कॉस्टिंग शिकवते.

भाचा खेळतो तो गेम म्हणजे युरो ट्रक सिम्युलेटर २. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने तो ऑक्टोबर २०१२ मध्ये काढला. दारात खरे ट्रक उभे असताना पोरगं पडद्यावर ट्रक चालवतंय, याचं पाहुण्यारावळ्यांना हसू येतं. मला येत नाही. ज्या घरात जेवताना डिझेल, टोल आणि परतीच्या भाड्याच्याच गोष्टी निघतात, तिथल्या मुलाला हा खेळ आवडावा यात नवल नाही.

मूळ गेममध्ये जर्मनी, ब्रिटन, नेदरलँड्स, बेल्जियम, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स-इटलीसारख्या देशांचा काही भाग मिळतो. त्यापुढचा युरोप वेगवेगळ्या नकाशांच्या रूपाने पैसे देऊन डाउनलोड करावा लागतो. मूळ गेमवर अशा वेगळ्या डाउनलोड करायच्या पुरवणीला खेळणारे डीएलसी म्हणतात. २०१३ मध्ये गोइंग ईस्ट आला, २०१५ मध्ये स्कँडिनेव्हिया, मग फ्रान्स, इटली, बाल्टिक देश, काळ्या समुद्राकडचा रस्ता, २०२१ मध्ये आयबेरिया, ऑक्टोबर २०२३ मध्ये वेस्ट बाल्कन्स आणि डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीस. वाद झाला तोवर असे ९ नकाशे झाले होते. भाच्याकडे मूळ गेम आणि स्कँडिनेव्हिया होतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा उन्हाळी सेल २६ जूनला सुरू झाला आणि उरलेले आठही नकाशे एका गठ्ठ्यात घ्यायचे, असं त्याने मनात धरलं. सूट लागूनही त्यात त्याची जवळजवळ सगळी शिल्लक जाणार होती.

दोघांचं म्हणणं

भाऊ म्हणाला, "एकदा गेम घेतलाय नव्हं? मग रस्त्याचं परत वेगळं पैसे कशाला? आणि आठ-आठ कशाला? गाडी एक, चालवणार हा एकटा."

भाच्याने वही पुढे केली. आजवर गेम किती तास चालवला ते स्टीमवर दिसतंच. त्या हिशेबाने त्याने पुढचं वर्ष धरलं आणि गठ्ठ्याच्या किमतीला तेवढ्या तासांनी भागलं. "आत्या, तासाला दोन रुपयेसुद्धा पडत नाहीत बघ. चहा तरी येतो का दोन रुपयात?"

दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं, पण दोन्ही जशीच्या तशी मान्य करण्यासारखी नव्हती. भावाच्या मुद्द्यापासून सुरुवात केली.

मूळ गेम पुरा आहे का?

भावाचा राग मला कळतो, कारण असा राग जगभरच्या खेळणाऱ्यांना आलेला आहे आणि अनेकदा रास्त कारणाने. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने ऑब्लिव्हियन या गेमसाठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. ते बहुतांशी शोभेचंच होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की घोड्याचं चिलखत हे नाव आजही फालतू डीएलसीला दिलं जातं. मार्च २०१२ मध्ये मास इफेक्ट ३ आला आणि त्याच दिवशी कथेतलं एक महत्त्वाचं पात्र १० डॉलरला वेगळं विकायला ठेवलं गेलं. त्याच महिन्यात आलेल्या स्ट्रीट फायटर एक्स टेकन या गेमच्या डिस्कवर १२ लढवय्ये आधीपासूनच होते, फक्त कुलूपबंद. कुलूप उघडायचे पैसे वेगळे. गिऱ्हाईकाने विकत आणलेल्या डिस्कवरचाच माल त्याला पुन्हा विकायचा, ही रीत मला आजही चुकीची वाटते.

इथे तसं आहे का, हे तपासलं. २०१२ सालचा मूळ गेम आपल्यापुरता पुरा आहे: कंपनी उभी करा, ड्रायव्हर ठेवा, कर्ज फेडा, सगळं त्यात होतं. नकाशे नंतर वर्षानुवर्षं बनत गेले. मधल्या काळात कंपनीने जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे जुने रस्ते नव्याने बांधून फुकट दिले आणि नवे ट्रकही अपडेटमधून फुकट आले. म्हणजे नकाशा घेणारा माणूस मागे झालेल्या कामाचेही पैसे भरतो आणि न घेणाऱ्यालाही त्याचा लाभ होतो. भावाला हे पटलं. त्याने विचारलं ते भलतंच: आपण दिलेल्या शंभर रुपयांतले त्या बनवणाऱ्याला मिळतात किती? स्टीमची नेहमीची कपात ३० टक्के असते, फार मोठ्या विक्रीला ती २५ आणि २० टक्क्यांवर येते, असं सांगितल्यावर मार्केट यार्डातला माणूस अडतीच्या हिशेबाने जरा वेळ गप्प बसला.

तासांचा हिशेब कुठे चुकतो

आता भाच्याची वही. तासाला किती रुपये पडले, हे माप खेळणाऱ्यांत सर्रास चालतं आणि काही ठिकाणी ते ठीकही आहे. विचर ३ हा गेम घ्या. त्याची पहिली पुरवणी, हार्ट्स ऑफ स्टोन, ऑक्टोबर २०१५ मध्ये १० डॉलरला आली; बनवणाऱ्यांनी ती सुमारे १० तासांची सांगितली होती. मे २०१६ मधली ब्लड अँड वाइन २० डॉलरची, सुमारे २० तासांची. कथा नवी, माणसं नवी, मुलूख नवा. ती पुरवणी घेतली नसती तर ते तास त्या गेममध्ये घडलेच नसते. तिथे पैशाला तासांनी भागणं रास्त आहे.

ट्रकच्या नकाशाचं तसं नाही. भाचा नकाशा न घेताही रोज रात्री गाडी काढणारच होता. हॅम्बुर्गहून म्युनिकला गेला असता तो आता साराजेव्होला जाईल. रस्ता बदलला, तास तेच. गठ्ठ्याच्या किमतीला त्याने ज्या तासांनी भागलं होतं, त्यांतले बहुतेक त्याला तसेही मिळणार होते, तेही मूळ गेममधून, ज्याचे पैसे केव्हाच देऊन झालेत. म्हणून त्याचा दोन रुपयांचा आकडा दिसायला बरोबर असला तरी त्यातून निर्णय निघत नाही. तो हिशेब मानला तर कुठलीही वाढीव वस्तू स्वस्तच ठरेल, कारण खाली भागायला मूळ गेमचे तास आयते मिळतात.

हे मी पुस्तकी भाषेत समजावत होते, पण त्याच्या डोक्यात उतरवलं भावाने. म्हणाला, "आरं, नवी लाईन मिळाली म्हणून गाडी महिन्यातनं चार दिवस जास्त पळती का? दिवस तेवढंच. जुन्या लाईनीपेक्षा हितं काय जास्त सुटतंय, तेवढंच बघायचं."

या प्रकरणाचा गाभा तोच आहे, आणि धंद्यातल्या माणसाने तो माझ्याआधी नेमका पकडला. अशा नकाशाचं मोल म्हणजे जुन्या रस्त्यावरचा तास आणि नव्या रस्त्यावरचा तास यांतला फरक. तो फरक प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून दुकानातल्या किमतीवरून किंवा सुटीच्या टक्क्यावरून तो कळत नाही. खेळणाऱ्याने आजवर काय केलं, हे पाहावं लागतं.

मग आम्ही ते पाहिलं. या गेममध्ये किती टक्के रस्ते पालथे घातले, ते दिसतं. भाच्याचा मूळ नकाशाच निम्म्याहून अधिक कोरा होता. फ्रान्सच्या दिशेने तो फिरकलाच नव्हता. उलट ब्रिटन पूर्ण झालेलं, कारण तिथे आपल्यासारखं डाव्या बाजूने चालवायचं असतं आणि उजव्या हाताचं स्टिअरिंग घेता येतं. स्कँडिनेव्हियातही नॉर्वे भरलेला, डेन्मार्क ओस. का, असं विचारल्यावर म्हणाला, "सपाटीला मजा येत नाही आत्या. घाट लागला पाहिजे." सांगलीहून कोकणात उतरायचं तर आंबा, फोंडा असा कुठला ना कुठला घाट लागतोच, बापाबरोबर केबिनमध्ये बसून त्याने ते लहानपणी पाहिलेत. आवड कुठून आली, हे उघड होतं.

या माहितीवर गठ्ठ्यातल्या आठ नकाशांचं मोल सारखं राहत नाही. बाल्टिक देश बहुतांशी सपाट. त्याच्यासाठी फरक जवळपास शून्य. फ्रान्स तेच, निदान आत्ता तरी. इटली आणि आयबेरिया मधले. वेस्ट बाल्कन्स मात्र त्याच्या जातीचा: स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया, माँटेनेग्रो, अल्बानिया असा बराचसा डोंगराळ मुलूख. शिवाय ऑस्ट्रियातलं क्लागेनफुर्ट मूळ गेममध्ये आहे आणि तिथून खाली उतरलं की स्लोव्हेनिया, म्हणजे मधला कुठला नकाशा घ्यावा लागत नाही. ग्रीसचं तसं नाही. तिथे जमिनीवरून जायचं तर अल्बानिया, उत्तर मॅसेडोनिया किंवा बल्गेरियातून जावं लागतं. एकटा ग्रीस घेणाऱ्याला ही जमिनीची वाट मिळत नाही. एक डीएलसी दुसऱ्या डीएलसीशिवाय लंगडी पडते, ही बाब किमतीच्या पाटीवर कधीच लिहिलेली नसते.

गठ्ठ्याच्या बाजूने

भाच्याजवळ आणखी एक मुद्दा होता आणि तो मला वजनदार वाटला. प्रोमॉड्स नावाचा एक मोठा नकाशा हौशी मंडळींनी बनवलाय. आइसलँड, आयर्लंड, उत्तर नॉर्वे, असं बरंच काही त्यात आहे आणि तो फुकट मिळतो. पण तो चालवायला कंपनीचे विकतचे नकाशे जवळ असावे लागतात. म्हणजे ज्या सपाट बाल्टिकचं मोल मी शून्य धरलं, त्याच्याशिवाय आइसलँडचे डोंगर मिळणार नाहीत. एकेकटं मोजलं तर निकामी, एकत्र मोजलं तर किल्ली. नुसता फरक मोजत बसलं तर हे निसटतं, हे मान्य करून मी तो हिशेब पुन्हा मांडला.

त्याविरुद्ध दोन गोष्टी होत्या. एक, त्याचा लॅपटॉप. ८ जीबी मेमरीवर एवढा नकाशा सुखाने चालेल, अशी त्याची स्वतःचीच खात्री नव्हती. दोन, वेळ. डाउनलोडच्या मालाला गोदाम लागत नाही आणि एक प्रत जास्त विकायला बनवणाऱ्याला जवळपास काही खर्च येत नाही. म्हणून अशा मालाची किंमत घाई असलेल्याकडून जास्त आणि थांबणाऱ्याकडून कमी, अशी काळाप्रमाणे उतरत जाते. नवा नकाशा थोड्या सुटीत, जुना मोठ्या सुटीत, हे प्रत्येक सेलमध्ये दिसतं. स्टीमचे मोठे सेल तर ठरलेले: जूनअखेर उन्हाळी, डिसेंबरअखेर हिवाळी. पडद्यावरचं घड्याळ उलटं पळत असलं तरी माल पळून जात नाही. जो नकाशा सहा महिने उघडणारच नाही, तो आज घेणं म्हणजे सहा महिन्यांनी होणारी घट आपल्या अंगावर घेणं. शिवाय स्टीमच्या गठ्ठ्यात आधी घेतलेल्या वस्तू वजा होतात आणि उरलेल्यांवर गठ्ठ्याची जादा सूट तशीच राहते. त्यामुळे आज एक घेतला म्हणून उद्या गठ्ठा महाग पडेल, ही त्याची भीती खरी नव्हती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १३ प्रकार दिलेत आणि खोटी घाई हा त्यांपैकी एक. सेलची तारीख खरी असते, म्हणून हे प्रकरण त्यात बसत नाही; पण घाईचा परिणाम मनावर तोच होतो. पहिल्या दिवशी भाचा गठ्ठ्याचं बटण दाबायला निघाला होता, त्यात सुटीच्या टक्क्याचा हात मोठा होता.

मालकीचा प्रश्न थोडक्यात. डिजिटल दुकानात आपण परवाना घेतो, वस्तू नाही. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम हे पैसे भरताना स्पष्ट लिहितं. युबिसॉफ्टचा द क्रू हा गेम २०१४ मध्ये आला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले. त्याबरोबर मूळ गेम गेला आणि लोकांनी घेतलेल्या जादा गाड्याही गेल्या. युरो ट्रक एकट्याने, इंटरनेटशिवाय चालतो, त्यामुळे हा धोका इथे कमी धरला. सतत सर्व्हरवर अवलंबून असलेल्या गेमची डीएलसी असती तर मी भाच्याला अर्ध्या किमतीच्या वर जाऊ दिलं नसतं.

काय घेतलं

त्याने एकटा वेस्ट बाल्कन्स घेतला. निर्णय त्याचा, मी आणि भावाने फक्त आकडे समोर ठेवले. नवा असल्यामुळे सगळ्यांत कमी सूट असलेल्या नकाशांपैकी तो एक होता, म्हणजे टक्क्यांच्या भाषेत त्याने गठ्ठ्यातला जवळजवळ सर्वांत वाईट सौदा केला. फरकाच्या हिशेबाने तोच सर्वांत चांगला होता.

घेतल्यावर एक शिस्त ठरवली. स्टीमवर डीएलसी परत करायची तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खरेदीनंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर करता येते. लोकांची गफलत इथे होते: नकाशा घेतात, पण जुनं राहिलेलं भाडं पोचवायला जर्मनीतच फिरत बसतात, आणि दोन तास तिकडेच संपतात. भाच्याने पहिली फेरी थेट क्लागेनफुर्टहून खाली लावली. घाट, बोगदे, अरुंद रस्ता, रात्रीचा पाऊस, दीड तासात जे पाहायचं ते पाहून झालं. परत करण्याचा प्रश्न उरला नाही.

एक खरेदी मात्र माझ्या अंदाजाबाहेरची निघाली. उरलेल्या थोड्या पैशांत त्याने केबिनमधल्या सजावटीची जुनी, छोटी डीएलसी घेतली: काचेला लटकवायच्या वस्तू, डॅशबोर्डवर ठेवायची खेळणी, असलं. माझं पहिलं मत अर्थातच घोड्याच्या चिलखताचं. पण माझ्याच मापाने तपासलं तर? या गेममध्ये खेळणारा बहुतेक वेळ केबिनच्या आतून बाहेर बघतो. ट्रकच्या बाहेरचा रंग महाग असला तरी चालवताना दिसत नाही. काचेला लटकणारी वस्तू प्रत्येक वळणाला हलताना दिसते, मग रस्ता जर्मनीचा असो की अल्बानियाचा. फरक बारीक, पण तो प्रत्येक तासाला लागतो, नकाशाचा फक्त त्या नकाशातल्या तासांना. त्या मानाने किंमत अगदी कमी होती. शोभेची डीएलसी म्हणजे फसवणूक, असं मी सरसकट म्हणत आले होते. आता विचारते की ती खेळताना डोळ्यांसमोर असते का आणि किती वेळ.

भावाला हे समजावून सांगावं लागलं नाही. त्याच्या स्वतःच्या गाडीच्या केबिनमध्ये गणपती आहे, हार आहे, लिंबू-मिरची आहे आणि गादीचं कापड त्याने ड्रायव्हरला विचारून घेतलंय. "माणूस दिवसरात्र आत बसतोय," एवढंच तो म्हणाला.

डिसेंबरच्या सेलमध्ये यादी पुन्हा काढली. बाल्कन्समधले बरेचसे रस्ते भरले होते, आणि त्या नकाशामुळे ग्रीसला जमिनीवरून जायची वाट आता उघडी होती. त्याने ग्रीस घेतला. काळ्या समुद्राकडचा रस्ता यादीत दुसरा ठेवलाय, रोमानियातल्या कार्पेथियन डोंगरांसाठी. बाल्टिक आणि फ्रान्स खाली आहेत, शेजारी पेन्सिलीने लिहिलंय: मेमरी १६ जीबी केली तर प्रोमॉड्ससाठी, नाहीतर नको. मेमरीच्या पट्टीचा भाव त्याने विश्रामबागेतल्या दोन दुकानांत विचारून ठेवलाय, आणि ती पट्टी कॉलेजच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरलाही लागणार असल्याने तिचे निम्मे पैसे पप्पांनी द्यावेत, असं त्याचं म्हणणं आहे. ते मला रास्त वाटतं, आणि भावाला मी तसं सांगितलंय.